तिसऱ्या घंटेनंतरची सात मिनिटं

वडशाच्या एका राइस मिलमध्ये धान उकडायची टाकी आहे. तिच्यात वाफ किती वेळ सोडायची हे पूर्वी मिस्त्री ठरवत. मग मी बनवलेला डबा ठरवू लागला. डब्यात एक छोटा कंट्रोलर आणि त्यावर वेळेला पक्की म्हणवणारी रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम. माहितीपत्रकात मी ‘मिलिसेकंदाची अचूकता’ असं छापलं होतं. धानाला मिलिसेकंदाचं काही पडलेलं नसतं, पण माहितीपत्रकं धानासाठी छापत नाहीत.

मालकांना झाडीपट्टीच्या, म्हणजे इकडच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांचं वेड. त्यांची एकच मागणी होती, “वाफ सुटायच्या आधी तीन घंटा झाल्या पायजे. नाटकासारख्या.” मलाही ती आवडली. बझरमधून तीन सूर, तिसरा सगळ्यात उंच, आणि मग वाफ.

पंधरा दिवसांत तक्रार आली, तांदळाचा तुकडा फार पडतो. दाणा अर्धवट उकडला की पोटात पांढरा राहतो आणि कांडताना तुटतो. मी जाऊन पाहिलं. डब्याच्या पडद्यावरचं घड्याळ माझ्या घड्याळाशी बरोबर जुळत होतं. तसाच दुसरा डबा घरी टेबलावर चालवला, तर वाफेची ठरलेली वीस मिनिटं म्हणजे वीसच. मी अहवालात लिहिलं: यंत्र निर्दोष, हाताळणीत चूक. सही ठसठशीत केली.

मालकांनी तो अहवाल मिस्त्रींना वाचून दाखवला आणि टाकीवर दुसरा माणूस शोधायला घेतला. तीस वर्षं वाफेसमोर काढलेले मिस्त्री मला फाटकात गाठून म्हणाले,

“सायेब, मी वाफेच्या कॉकले हात नाई लावला. तुमची वीस मिनिटंच लहान हायेत.”

“घड्याळ बरोबर आहे, मिस्त्रीभाऊ.”

“घड्याळाचं मले नका सांगू. वाफ सुटली का मी खर्रा तोंडात टाकतो. खर्रा सपते तवा वाफ बंद होते, आजवर असंच झालं. आता वाफ बंद होते आन् खर्रा तोंडातच राह्यते.”

“तंबाखू-सुपारीचा खर्रा तो, कमीजास्त होत असेल.”

“घोटणारा तोच हाय. डबा नवा हाय.”

मी त्यांच्याबरोबर टाकीपाशी गेलो. त्यांच्या शेजारी उभा राहून मोबाइलवर वाफ मोजली. तेरा मिनिटं.

मग डब्याला त्याच्याच हिशोबाने सेकंदाला एकदा लुकलुकणारा दिवा जोडला. पहिली घंटा झाली, दुसरी झाली. तिसरी झाली आणि दिवा घाईघाईने लुकलुकू लागला.

“पाह्यलं?” मिस्त्री म्हणाले. “नाटक सुरू झालं.”

कर्नल, म्हणजे त्या सिस्टिमचा गाभा, कंट्रोलरमधल्या एका हार्डवेअर टायमरचे ठोके मोजून वेळ ठरवतो. घंटांचे सूर काढायला मी नेमका तोच टायमर वापरला होता. सुरासाठी त्याचा वेग वाढवला, आणि घंटा संपल्यावर पूर्ववत केला नाही. कर्नल बिचारा इमानदारीने मोजत राहिला, ठोकेच लवकर पडत होते. पडद्यावरचं घड्याळ वेगळ्या चिपवर चालणारं, म्हणून ते साळसूद. आणि घरी? घरी बायको घंटांना कंटाळली होती, म्हणून मी घंटा प्रोग्राममधून काढूनच चाचणी घेतली होती.

कंट्रोलरमध्ये आणखी तीन टायमर रिकामे बसले होते. घंटा त्यातल्या एकाला दिल्या. दुरुस्ती चार ओळींची. पुढच्या घाण्याला तिन्ही घंटा झाल्या, दिवा संथच राहिला, आणि वाफ बंद झाली तेव्हा मिस्त्री उठून कोपऱ्यात थुंकून आले. वाळवून सोललेला दाणा त्यांनी दुसऱ्या दिवशी दातांनी फोडून मला दाखवला. आत पांढरं नव्हतं.

नवा अहवाल मी मालकांच्या टेबलावरच लिहिला: हाताळणी निर्दोष, यंत्रात चूक, चूक माझी. सही या वेळी जरा लहान आली. मालकांनी मिस्त्रींना बोलावून तो मोठ्याने वाचला, नटाच्या थाटात, आणि शेवटी स्वतःचं एक वाक्य जोडलं, “मिस्त्रीभाऊ, माहं चुकलं. टाकी तुमचीच.”

मिस्त्रींनी मान हलवली आणि मला विचारलं, “यात खर्ऱ्याचं नाव काऊन नाई?”

मी शेवटी एक ओळ वाढवली: वेळेची पडताळणी खर्ऱ्याने केली.

तो अहवाल आता काच बसवून टाकीजवळ टांगला आहे. माझं माहितीपत्रक कुठे आहे, मी विचारलेलं नाही.