रुसलेल्या जावयाचा तंबू

माझ्या सासरवाडीत मी रुसका जावई म्हणून प्रसिद्ध आहे. प्रत्यक्षात मी फक्त तंबू ठोकला होता.

मला एका जागी बसवत नाही, हा माझा मूळ आजार. रविवारी दुपारी सगळं शहापूर घोरत असतं तेव्हा मी कपाट या भिंतीवरून त्या भिंतीकडे सरकवत असतो. शेवटी सुरेखा, माझी बायको, वैतागून म्हणाली, "तुमी एकदाचे कुठूनतरी दमून या बघू." म्हणून गिअरच्या दोन सायकली आल्या, तंबू आला (आणि एकटा गेलो तर मी दमेनच अशी तिला खात्री नसल्याने तीही आली). दिवाळीनंतर आम्ही निघालो. शहापूर, डोळखांब, किन्हवली, टोकावडे आणि मुरबाडवरून परत शहापूर. अटी माझ्या: फेरी पूर्ण होईपर्यंत छपराखाली झोपायचं नाही आणि कुठल्याही गाडीत बसायचं नाही. या अटी मी ऑफिसात इतक्या जणांना, कोणी विचारलेलं नसताना, सांगून ठेवल्या होत्या की मोडल्या असत्या तर बदलीच मागावी लागली असती.

डोळखांबच्या चढांवर मी दर वळणाला थांबून मागे बघायचो, सुरेखा येतेय ना म्हणून. ती शांतपणे पुढे निघून जायची. रस्त्यात भेटेल तो ओळखीचा हळहळून विचारायचा, "गाडी विकली काय?" मी छंद समजावून सांगायचो. तो मान हलवायचा आणि सुरेखाकडे दयेने बघायचा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टोकावड्याला पोचलो. तिथून थोडं आत सुरेखाचं माहेर. घर टाळून पुढे जाणं शक्यच नव्हतं. आम्ही येतोय ही बातमी आमच्या आधी पोचली होती आणि एक कोंबडीही पकडून ठेवली होती.

"पावणं, हातपाय धुवा, आत चला," माझे सासरे म्हणाले. त्यांना मी मामा म्हणतो.

"नको मामा, आत नको. आम्ही समोर शेतात झोपतो."

"शेतात?"

"आणि कोंबडीही नको. उद्या सायकल मारायची आहे, जड होईल. आमचं आम्ही शिजवून घेऊ."

इथे सुरेखाने मला चिमटा काढला. मला वाटलं डास चावला.

भात कापून शेत रिकामं झालं होतं. मी तंबू ठोकला, छोटा गॅस पेटवला आणि शीळ घालत खिचडी ढवळू लागलो. सासऱ्याच्या दारात जावयाने वेगळी चूल मांडली की त्याचा अर्थ काय होतो, हे शेंबडं पोरही सांगेल. माझं लक्ष सगळं तंबूच्या खुंट्यांवर.

थोड्या वेळाने मामा आले आणि बांधावर बसले. "आमचं काय चुकलं असंल तर सांगा."

"काही नाही हो मामा! मी रुसलेलो नाही."

"बरं," असं म्हणून ते गेले आणि चुलत सासऱ्यांना, नानांना, घेऊन आले. नाना अशा कामातले जाणकार मानले जातात. त्यांनी तंबूला एक फेरी मारली. "लग्नात तुमाला आंघोळीचं पानी गार दिलं होतं. तेच डोक्यात ठेवलंव ना?"

"नाना, मी रुसलेलो नाही."

"रुसलेला मानूस असंच बोलतो."

"मी रुसलेलो नाही!" मी ओरडलो. बांधावर आता आठ-दहा जण जमले होते. ओरडल्यावर सगळ्यांची खात्री पटली.

मी घराकडे तोंड करून हाक मारली, "सुरेखा, यांना सांग जरा!"

ती ओटीवर तंगडी चघळत बसली होती. "मी काय सांगू? मला तरी कुठं सांगून रुसता तुमी?"

मग मामा हळू आवाजात म्हणाले, "पोर दिली तुमाला. तिच्या घरचा घास एवढा जड झाला?" त्यांचे डोळे भरून आले होते. मला फार लाज वाटली. मी मुकाट्याने तंबू गुंडाळला, आत गेलो, दोनदा रस्सा मागून घेतला आणि पंख्याखाली झोपलो. छपराची अट मोडली. गाडीची अजून शाबूत होती.

सकाळी दारात टेम्पो उभा. त्यात तांदळाच्या गोण्या आणि माझी सायकल.

"मामा, मी सायकलवरच जाणार आहे."

"पावणं सायकलीवर गेलं तर लोक म्हनतील, समजूत पटली नाय. मी तोंड कुठं दाखवू?"

"पुढं बसा," नानांनी दार उघडून धरलं. "काच खाली ठेवा. हसताना दिसलं पायजे."

"आणि सुरेखा?"

"ती घरची पोर. तिला कोन रुसलेली म्हनतंय? जाऊंदे सायकलीवर." सुरेखाने हेल्मेटचा पट्टा कधीच लावला होता.

मी बसलो, शेजारी मामा बसले. टोकावड्यापासून मुरबाडपर्यंत ओळखीचं माणूस दिसलं की मामा टेम्पो थांबवायला लावत आणि माझ्याकडे बोट दाखवून सांगत, "बघा, खूश हाय." मी हसत होतो. गाल दुखेपर्यंत हसत होतो. मुरबाड सोडल्यावर एका चढावर गोण्यांच्या वजनाने टेम्पो रडायला लागला, आणि मागून सुरेखा आली, घंटी वाजवली आणि आम्हाला मागे टाकून शहापूरच्या दिशेने निघून गेली. माझी फेरी पूर्ण करायला!

त्या क्षणी मात्र मी खरोखरच रुसलो. समजूत काढायला कोणीही आलं नाही.