डोक्यातला पांढरा ठिपका

माझे आबा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. एकदा थप्पीवरून पोतं निसटून त्यांच्या डोक्यावर आदळलं. टोळीच्या मुकादमांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, तिथं डोक्याचा सीटी स्कॅन झाला. मार आतवर गेला नव्हता. पण रिपोर्टात एक ओळ जास्तीची होती: मेंदूत कॅल्सिफिकेशन. मी तेव्हा बारावी सायन्सला. मोठ्या शहाणपणानं सांगून टाकलं, "म्हणजे कॅल्शियम साठलंय. चुन्यात असतं ना, ते."

झालं! आबा तीस वर्षं तंबाखूला चुना लावत होते. दुसऱ्या दिवशी टोळीभर बोभाटा झाला, की चुना डोक्यात चढला. चार-पाच जणांनी चुन्याच्या डब्या गटारात फेकल्या. मुकादम आबांना म्हणाले, "आता पाठीवर पोतं घ्यायचं न्हाई. गाळा झाडत जावा." आबा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजले. एवढा धिप्पाड माणूस झाडूच्या नुसत्या कल्पनेनं खचला होता, आणि तेही माझ्या अर्धवट अकलेमुळे.

मी त्यांना आणि स्कॅनची फिल्म घेऊन तडक त्याच दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी फिल्म दिव्यापुढे धरली.

"हा ठिपका ना? मोठ्या माणसांत या जागी पुष्कळांना असतो. आपण मार शोधत होतो, म्हणून दिसला. याला औषध नको नि काळजीही नको. खाल्लेला चुना तिथं जात नाही. तंबाखू मात्र सोडा, त्याची कारणं वेगळी."

"आणि पोतं?" मी विचारलं.

"डोक्याचा मार बरा होऊ दे. पंधरा दिवसांनी या, बघून सांगतो."

पंधरा दिवसांनी त्यांनी तपासून होकार दिला. तिथून आम्ही थेट मार्केटात गेलो. टोळीपुढे मी फिल्म उन्हात धरली, ठिपका दाखवला, आणि चूक माझी होती हेही कबूल केलं.

"नक्की ना, पोरी? काय झालं तर?" मुकादमांनी विचारलं.

आबाच पुढे झाले. "तिनं इचारून आणलंय. टाका पोतं."

पोतं पाठीवर आलं. ते सरळ थप्पीकडे चालत गेले. थप्पीवर पोतं रचून ते वळले आणि अख्ख्या गाळ्याला ऐकू जाईल असे ओरडले, "माझ्या डोक्याचा फोटू माझ्या पोरीनं वाचलाय!"

अजून आठवलं की ऊर भरून येतो. आधी मी तो चुकीचा वाचला होता, हे मात्र ते जन्मात कधी बोलले नाहीत.