घासातली अमरवेल
ओला लसूणघास जळल्याचा वास आला की मला विहिरीजवळचा तो वाफा दिसतो. त्या सकाळी माय तिथं विळा घेऊन बसली होती आणि मी बांधावरून तिच्या हातापाया पडत होते. आदल्या दिवशीच बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, मायच्या छातीतल्या गाठीनं आजूबाजूचं चांगलं मांसही फितवलंय, आता तेच गाठीला पोसतंय. नुसती गाठ काढून भागणार नाही, अख्खा स्तन काढावा लागेल. माय मात्र एकच धरून बसली होती, "गाठ काढू दे की. चांगलं हाय ते काहून कापायचं?" तिच्यापुढं घासावर पिवळी अमरवेल चढली होती आणि ती वेलीच्या पुढचा हातभर हिरवागार घासही जमिनीलगत कापत होती. चांगल्या काडीला वेलीचा एक तुकडा राहिला तरी ती पुन्हा पसरते, हे मला तिनंच शिकवलेलं. मी ओरडले, "मग हा चांगला घास काहून कापतीस?" विळा थांबला. पदर छातीवर ओढून ती हळूच म्हणाली, "घास परत फुटतो, बाई." आणि कापलेला घास कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर टाकून तिनं काडी लावली. आता माय नाही; आज त्याच वाफ्यातली अमरवेल मी एकटीनं जाळली. आठ दिवसांत तिथं घासाला कोंब येतील. त्या सकाळी धुरात एवढंच विचारायचं राहून गेलं, "अन् तू, माय?"