आधीच लिहिलेली बैठक

मी आज पदवीधर आहे तो आमच्या अंगणवाडीच्या आक्कांमुळे. पाटीवर पहिली रेघ त्यांनी माझ्याकडून गिरवून घेतली. दहावीनंतर वडील मला निपाणीच्या तंबाखू वखारीत लावणार होते, तेव्हा आक्का दारात येऊन बसल्या आणि वडील हो म्हणेपर्यंत उठल्या नाहीत.

पुढे मी सीमाभागातल्या आमच्याच ग्रामपंचायतीत कारकून झालो. मुलींची तस्करी रोखण्यासाठी सरकारने नेमलेल्या गावसमितीचं इतिवृत्त माझ्याकडे होतं. मी ते बैठकीच्या सकाळीच कन्नडमध्ये लिहून ठेवत असे : गावातून एकही मुलगी बेपत्ता नाही. सदस्य चहा घेताना सह्या करत. वेळ वाचे.

आक्का समितीवर आल्या आणि त्यांनी सही करण्याआधी वाचलं.

"ह्ये कुणी लिवलंय?"

"मीच, आक्का."

"बैठक व्हायच्या आदी?"

"व्हय."

"लई शिकलास रं."

मग त्या सदस्यांकडे वळल्या. "नववीतली एक पोरगी आठ दिस शाळंत न्हाय. कुठं हाय?"

"मिरजंला मावशीकडं गेलीया म्हणं," एक सदस्य म्हणाले.

"तिच्या आईला भईन न्हाय. घरटी नोंद माझ्या वहीत हाय."

"मग आत्या आसंल."

सगळे हसले. आक्कांनी पेन खाली ठेवलं.

मी मुलांच्या हेल्पलाइनला फोन केला. मुलीच्या आईने सांगितलं, एक बाई मिरजेच्या कापड दुकानात काम देते म्हणून घेऊन गेली. आता त्या बाईचा फोन बंद होता. मिरज महाराष्ट्रात, आम्ही कर्नाटकात. तक्रार मी इथल्या पोलिसांसाठी कन्नडमध्ये लिहिली आणि तिथल्यांसाठी मराठीत. सहाव्या दिवशी मुलगी एका बंद खोलीत सापडली. सोबत आणखी दोघी होत्या. त्या कुठल्या गावच्या, तिथल्या इतिवृत्तात काय लिहिलं होतं, मला माहीत नाही.

मुलगी बेळगावच्या बालगृहातून घरी आली, त्या आठवड्यात मी आक्कांना बैठकीच्या नोटिशीऐवजी पत्र पाठवलं :

"ती. आक्कांना साष्टांग नमस्कार. पोरगी काल शाळेत आली. मागच्या बाकावर बसली, कुणाशी बोलली नाही, पण डबा खाल्ला. पुढची बैठक सोमवारी अकराला आहे. तुमची घरटी नोंदीची वही आणावी. इतिवृत्ताचं पान कोरं ठेवलं आहे. चहा शेवटी येईल."