खाऱ्या पाण्यात पडलेला रिमोट

दिघीच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच सत्यवतीबाईंची सुपारीची वाडी आहे. त्यांचे यजमान हरिभाऊ एसटीत ड्रायव्हर होते. मोठा मानी माणूस. ड्यूटीवरून कितीही दमून आले तरी पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेणार, ताटही स्वतःच वाढून घेणार. निवृत्त होऊन फार दिवस झाले नव्हते, तोच त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, वाचा बसली. डावा हात तेवढा उरला.

त्यांची मुलगी सई नवी मुंबईला नोकरी करते. तिने एक रिमोट आणला. शिकवू ते शिकणारा. टीव्हीचा जुना रिमोट त्याच्यासमोर धरून बटण दाबलं की ते काम तो लक्षात ठेवी. पंखा, दिवा, टीव्ही आणि स्वयंपाकघरात वाजणारी एक बेल, असं सगळं तिने त्या एकात बसवलं. बोटाला बटणं कळावीत म्हणून त्यांवर आईच्या टिकल्या चिकटवल्या. पहिल्या संध्याकाळी हरिभाऊंनी पंखा इतक्या वेळा चालूबंद केला, की सत्यवतीबाई आतून ओरडल्या, "अहो, जळेल तो!" त्यावर बेल वाजली. नुसतीच, गंमत म्हणून. बाहेर येऊन बघतात तर हरिभाऊ अर्ध्या तोंडाने हसत होते. आजारपणानंतर पहिल्यांदाच.

तेव्हापासून रिमोट त्यांच्या सदऱ्याच्या खिशात राहू लागला. आणि तिथेच घात झाला. मुरुडच्या डॉक्टरांना दाखवून आगरदांड्याहून परत येताना, दिघीला फेरीबोटीतून हरिभाऊंची चाकांची खुर्ची उतरवत होते. खुर्ची पुढे कलली आणि रिमोट खिशातून निसटून खाडीच्या पाण्यात पडला. पाणी घोटाभरच होतं. एका खलाशाने लगेच काढूनही दिला.

सत्यवतीबाईंनी तो पदराला पुसला, घरी येऊन तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. मोबाइल भिजला की सगळे तसंच करतात. दोन-तीन दिवसांनी काढला तर एकही बटण चालेना. मग त्या माणगावला बाजारात गेल्या. तिथे टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारा अल्पेश त्यांच्या ओळखीचा होता.

त्याने मागचं झाकण उघडलं आणि तो चुकचुकला. आत पांढरी-हिरवी बुरशी धरल्यासारखं झालं होतं.

"काकी, सेल काढले नव्हते?"

"नाही रे. तांदळात ठेवला होता ना."

"तांदूळ काय करणार? खारं पाणी हाय हे. सेल आत राहिले की मीठ तांबं खात सुटतं. तेव्हाच सेल काढून गोड्या पाण्याने धुतला असता तर..." त्यांचा चेहरा बघून त्याने वाक्य अर्धंच सोडलं. "असू द्या. बघतो मी. पण वेळ लागेल."

सई फोनवर म्हणाली, "आई, नवाच मागवते ना."

"नको. तो त्यांच्या हातात बसलाय. अल्पेश करेल म्हणालाय."

अल्पेशने स्पिरिट आणि दात घासायच्या ब्रशने आतली सर्किटची पट्टी धुतली. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं, की पुढच्या बारीक दिव्यातून जांभळा उजेड दिसायला हवा, तो दिसेना. पट्टीवरची मिठाने खाल्लेली तांब्याची रेघ केसासारख्या तारेने जोडली, तेव्हा अंधुक दिसला. पण बटणांखालचं रबरही गेलं होतं. ते मुंबईहून मागवावं लागलं. यात महिना-दीड महिना गेला.

तेवढ्या काळात इकडे सगळं सत्यवतीबाई करत होत्या. हरिभाऊ हाताने पंखा दाखवत, त्या लावत. मग दाखवायच्या आतच लावू लागल्या. "कळतं हो मला," म्हणायच्या. पहिल्यांदा हरिभाऊ चिडले, पलंगावर हात आपटू लागले. बातम्या हव्या असताना मालिका लागली की मान फिरवून घेत. पुढे पुढे त्यांनी हात आपटणं सोडलं. दाखवणंही सोडलं. सत्यवतीबाईंनी सईला कौतुकाने सांगितलं, "आता शांत झालेत गं बाबा. मुळीच त्रास देत नाहीत."

रिमोट दुरुस्त होऊन आला, तेव्हा त्या जवळजवळ धावतच खोलीत गेल्या. "बघा, आला तुमचा रिमोट!"

हरिभाऊंनी पाहिलं आणि डोळे छताकडे नेले. सत्यवतीबाईंनी रिमोट त्यांच्या डाव्या तळहातात ठेवला. बोटं मिटली नाहीत. मग स्वतःच त्यांचा अंगठा धरून बटणावर दाबला. पंखा फिरू लागला. पण त्या अंगठ्यात जोर कसला तो नव्हता. एखाद्या झोपलेल्या मुलाचा हात धरावा तसं सत्यवतीबाईंना वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मनाशी ठरवलं: आपण काहीच करायचं नाही. रिमोट हरिभाऊंच्या हाताशी ठेवला, पंखा बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. वाडीत पान हलत नव्हतं. सुपाऱ्या सोलायला घेतल्या, पण सगळं लक्ष बेलकडे. एकदा वाटलं, वाजलीच. ती बाहेरच्या सायकलची घंटी होती.

शेवटी राहवेना, तेव्हा उठून आत गेल्या. हरिभाऊ घामाने निथळत होते. मानेखालची उशी ओली झाली होती. रिमोट ठेवला होता तिथेच होता. डोळे उघडे, पण कशाचीही वाट न बघणारे.

"अहो, दाबायचं ना!" त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या. "एकदा तरी दाबायचं."

त्यांनी भिंतीवरचं बटण दाबून पंखा लावला, पदराने त्यांचा गळा पुसला आणि पलंगाच्या कडेला बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "माझंच चुकलं. नवा मागवू द्यायला हवा होता." हरिभाऊंनी वाऱ्यासमोर डोळे मिटले होते. ऐकलं की नाही, कळलं नाही.

संध्याकाळी सईचा फोन आला. "काय गं, चालतोय ना आता?"

हरिभाऊंच्या हाताशी तसाच पडलेल्या रिमोटकडे सत्यवतीबाईंनी पाहिलं.

"रिमोट चालतोय," त्या म्हणाल्या.