पाठ केलेला तक्ता

कामिनीबाईंनी आयुष्यात एकच लबाडी केली, पण ती बारा वर्षं इमानेइतबारे चालवली. आपल्या भूमिकाला कमी दिसतं, हे त्यांनी कुणाला कळू दिलं नाही.

वाडीत अमरावती रोडच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत मायलेकी राहतात. नवरा गेल्यावर कामिनीबाईंनी बी.ए.च्या जोरावर शिकवण्या धरल्या आणि घर ओढलं. भूमिका सहावीत असताना एकदा दिवेलागणीला सायकलसकट नालीत पडली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडदा हळूहळू सुकत जाईल. आधी रात्रीचं दिसणं जाईल, मग बाजूचं, शेवटी समोरचं. यावर औषध नाही. कामिनीबाईंनी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि सासरच्या माणसांना सांगितलं, "काही नाही, अशक्तपणा आहे. गाजर खायला सांगितलंय."

त्या दिवसापासून पोरीचं दुसरं शिक्षण सुरू झालं. पायऱ्या मोजून उतरायच्या. चहाचा ट्रे नेताना कोपर भिंतीला लागलेलं ठेवायचं. माणूस बोलला की आवाजाकडे तोंड करायचं आणि हसायचं. भूमिका हे सगळं इतकं छान शिकली की कधीकधी कामिनीबाईंनाच वाटे, डॉक्टर चुकले असतील.

बी.कॉम. झाल्यावर तिला जवळच्याच एका गोडाऊनमध्ये काम मिळालं. मालासोबत जाणाऱ्या पावत्या, म्हणजे बिल्ट्या, तपासायच्या आणि पेट्यांवरच्या नंबरांशी ताडून पाहायच्या. पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी अकोल्याचा माल चंद्रपूरला जायला लागला. मग एका संध्याकाळी ती माल चढवायच्या ओट्यावरून सरळ खाली पडली, मागे येणाऱ्या ट्रकच्या चार हात अलीकडे. मालक भैय्याजी स्वतः तिला घरी सोडायला आले.

"बाई, पोरगी मेहनती आहे, मी नाही म्हणत नाही," ते म्हणाले. "पण उद्या काही झालं तर मी तुमाले तोंड काय दाखवू? तुमी तिचं अपंगाचं सर्टिफिकेट काढा अन् संजय गांधी निराधारचा अर्ज टाका. त्यात लाज कायची?"

लाज होतीच. सहा महिने कामिनीबाई त्या शब्दाशी भांडत राहिल्या. दुसरीकडे दोन नोकऱ्या बघितल्या, दोन्ही आठ-आठ दिवसांत गेल्या. मग एका सकाळी शिकवणीतल्या पोरांची शुद्धलेखनाची वही तपासताना त्यांच्या छातीत जरा कळ आली. गॅसेस होते ते, पण तेवढ्या पाच मिनिटांत त्यांच्या मनात एकच गोष्ट होती : माझ्यामागे हिचं काय? अनुदान थोडकं असेल, पण पोरीच्या नावावर असेल. तिला कुणापुढे हात पसरावा लागणार नाही. त्याच दुपारी त्यांनी सेतू केंद्रात जाऊन सर्टिफिकेटसाठी ऑनलाईन नोंदणी केली. चाळीस टक्क्यांच्या वर अपंगत्व लिहून आलं तरच पुढचा अर्ज होतो, असं तिथल्या माणसानं दोनदा बजावलं.

सरकारी दवाखान्यात अपंगत्व तपासणाऱ्या बोर्डाचा दिवस बुधवार. मायलेकी आठलाच जाऊन बसल्या. डोळे तपासायच्या खोलीत मिनल नावाची तरुण मुलगी होती. तिच्यासमोर कामठीकडचे नत्थूजी म्हणून एक म्हातारबुवा बसले होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून तिनं भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता फिरवून मराठी बाजू पुढे केली होती. म्हातारबुवा उठले, भूमिका बसली. तक्ता तसाच राहिला.

"डावा डोळा झाक. वरून वाच," मिनल म्हणाली.

भूमिकानं पाठ ताठ केली. "ई. एफ, पी. टी, ओ, झेड. एल, पी, ई, डी." एका दमात, कुठेही न अडखळता.

मिनलचा पेन हवेतच थांबला. "काय म्हटलं? पुन्हा म्हण."

भूमिकानं पुन्हा म्हटलं. या वेळी खाली आणखी एक ओळ.

"काहून वं, मजाक करून राहिली काय? समोर मराठी अक्षरं आहेत! इंग्रजी बाजू भिंतीकडे आहे."

मागे स्टुलावर बसलेल्या कामिनीबाईंना ती अक्षरं चांगलीच ओळखीची होती. सातवीत शाळेत डोळ्यांची तपासणी होणार होती, तेव्हा त्यांनीच चष्म्याच्या दुकानात उभं राहून तो तक्ता वहीत उतरवून घेतला होता. पाढ्यांसारखा रोज म्हणून घेतला होता. शाळेत चालला, कॉलेजात चालला, गोडाऊनच्या तपासणीतही चालला. खुर्चीवर बसवून एक डोळा झाकायला सांगितलं की पोरीच्या तोंडून तो आपोआप येई. आज तो म्हणायचा नाही, हे सांगायला त्या विसरल्या होत्या.

मिनल मात्र कागद घेऊन उठली. आतल्या टेबलावर डॉक्टरबाई होत्या, पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर. "मॅडम, ही पाठ करून आली. काहीतरी बनाव आहे."

डॉक्टरबाईंनी दोघींना आत बोलावलं. "बनावाचा शेरा मारला तर पुढे काय होते, माहीत आहे ना?"

गप्प बसावं, घरी जावं, पुन्हा कधी या दवाखान्याचं तोंड बघू नये, असं कामिनीबाईंना एकदा वाटून गेलं. मग त्या उभ्या राहिल्या. "मॅडम, लबाडी आहे. पण तिची नाही, माझी. बारा वर्षांपूर्वी मी तिच्याकडून तो पाठ करून घेतला. तिला दिसतं असं लोकांना वाटावं म्हणून."

डॉक्टरबाईंनी कपाळावरचा चष्मा खाली घेऊन भूमिकाकडे पाहिलं. मग खुर्चीत मागे रेलून हसल्या. "मिनल, वीस वर्षं झाली मला. दिसत नाही म्हणून खोटं सांगणारे रोज येतात. दिसतं म्हणून खोटं सांगणारी आज पहिल्यांदा आली!"

मिनलही हसली, पण तिचा चेहरा उतरला होता.

डॉक्टरबाईंनी हात पुढे केला, दोन हातांच्या अंतरावर. "किती बोटं?"

"तीन," भूमिका हसून म्हणाली.

"ही मूठ आहे बेटा. अंदाज नको लावू. इथे जो नापास होते तोच पास. खरं सांग, काय दिसून राहिलं?"

भूमिकाचं हसू जागच्या जागी राहिलं. "खिडकीचा उजेड दिसते," ती म्हणाली. "तुमचा हात नाही दिसत."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

कामिनीबाईंना वाटत होतं, समोरचं दिसणं अजून शाबूत आहे. काल रात्रीच पोरगी पोळीकडे बघून म्हणाली होती, फुगली बघ किती छान. "मला काहून नाही सांगितलं?" त्यांच्या तोंडून निघालं.

"तू रडली असती," भूमिका म्हणाली. "अन् तुले आवडे ना, मी तक्ता घडाघडा म्हटला की."

डॉक्टरबाईंनी बॅटरीनं दोन्ही डोळे आतून पाहिले, दुसऱ्या खोलीतल्या मशीनवरची तपासणी लिहून दिली. मिनल स्वतः भूमिकाचा हात धरून तिला तिकडे घेऊन गेली. "आता उंबरा आहे, आता डावीकडे वळू," असं सांगत. परतल्यावर तिनं एका चिठ्ठीवर तहसीलसाठी लागणारे सगळे दाखले क्रमानं लिहून दिले आणि खाली आपला फोन नंबर टाकला. "कुठं अडलं तर फोन करा, काकू. सकाळी मी जरा जास्तच बोलली."

महिन्याभरात प्रमाणपत्र आलं. कामिनीबाईंनी ते वाचून दाखवलं : नव्वद टक्के.

"नव्वद!" भूमिका म्हणाली. "आई, तुझ्या शिकवणीतलं एक तरी पोट्टं आलं काय नव्वदले?"

कामिनीबाईंना हसावं की तिला एक धपाटा घालावा, कळेना.

तहसीलमधला अर्ज गेला. मग एका दुपारी तलाठी चौकशीला आले. कागद बघून म्हणाले, "शेजारच्या कुणाचा तरी जबाब लागतो." आणि त्यांनी समोरच्या यमुताईंना हाक मारली.

दारासमोर दार असलेल्या या म्हातारीला कामिनीबाईंनी इतकी वर्षं पढवलं होतं, भूमिकाले चांगलं दिसते, जरा वेंधळी आहे एवढंच. यमुताई खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. जे ऐकलं तेच सांगतील आणि अर्ज तिथेच संपेल.

"या मुलीला दिसतं का हो, आजी?" तलाठ्यांनी विचारलं.

"तिले कुठं दिसते साहेब," यमुताई पदरानं हात पुसत म्हणाल्या. "लई वर्षं झाले. सातवीत होती, माह्या दारातल्या भरल्या बादलीवर येऊन धडकली. तवापासून मी वाटेत बादली ठेवत नाही. गल्लीतल्या पोट्ट्याईलेही सांगून ठेवलं, सायकली भितीले लावत जा म्हणून."

तलाठी लिहीत होते. कामिनीबाईंना गल्ली आठवत होती. इतक्या वर्षांत भूमिका त्या गल्लीत कधी पडली नाही, त्याचं श्रेय त्या आपल्या शिकवण्याला देत आल्या होत्या.

"तुम्हाला माहीत होतं?" त्यांनी विचारलं. "मग कधी बोलल्या नाही?"

"तू सांगत नव्हती, मंग मी कायले बोलू?" यमुताई म्हणाल्या. "सही कुठं करू गा, साहेब? मले अंगठा नाही लागत, सही येते."

त्यांनी सावकाश, एकेक अक्षर कोरल्यासारखी सही केली. कामिनीबाई नुसत्या यमुताईंचा हात धरून उभ्या राहिल्या. म्हातारीनं तो सोडवून घेतला आणि म्हणाली, "चहा ठेव. साहेब उन्हाचे आले."

तीन महिन्यांनी मंजुरीचा मेसेज आला. भूमिका दारात बसून मटार सोलत होती. कामिनीबाई नेहमीच्या सवयीनं खाली वाकून तिच्या कानाशी वाचायला लागल्या.

"मोठ्यानं वाच ना, आई," भूमिका म्हणाली.

कामिनीबाई सरळ उभ्या राहिल्या. समोरचं दार उघडं होतं. त्यांनी घसा साफ केला आणि पोरीचं नाव, दृष्टिदोष हा शब्द आणि अर्ज मंजूर ही ओळ अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी वाचली.