अर्धा सोडलेला पेपर

शर्टांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं काजं-बटणं करण्यात गेली आणि एक दिवस कारखान्यालाच कुलूप लागलं. ती तेव्हा पंचेचाळिशीला टेकली होती. इस्पितळात रुग्णसेविका व्हायचं म्हणून तिनं वर्षभराचा कोर्स धरला. बाकीचे विषय सुटले. शरीरक्रियेच्या पेपरात मात्र ती दोनदा आपटली. आता तिसरी खेप, आणि तीच शेवटची.

नवरा घरं रंगवायचा. मोठा थट्टेखोर माणूस. भांडी घासताना ती "डावा कप्पा, उजवा कप्पा, झडपा" असं पुटपुटायला लागली की तो म्हणायचा, "डॉक्टरीणबाई, आमच्या हृदयात कोण राहतं तेही लिहा हो पेपरात!"

या तिसऱ्या परीक्षेआधीच्या महिन्यात त्याचं काहीतरी बिनसलं. जिना चढताना मध्येच थांबायचा. दोन घासांत ताट सारायचा. आडवं झालं की खोकल्याची उबळ यायची, म्हणून भिंतीला टेकून बसल्याबसल्याच झोपायचा.

"अहो, पाय बघा कसे टम्म झालेत."

"दिवसभर शिडीवर उभा असतो, सुजणार नाहीत तर काय? तू तुझं वाच."

तिलाही तेच ऐकायचं होतं. परीक्षा चार दिवसांवर आली होती. पेपर झाला की दवाखान्यात नेऊ, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

पेपरात पाचवा प्रश्न होता: हृदय दुबळं झाल्यास इतर अवयवांवर काय परिणाम होतो? उत्तर तोंडपाठ होतं. ती भराभर लिहीत सुटली. डाव्या कप्प्याला रक्त पुढे ढकलता आलं नाही की ते मागे फुप्फुसांत तुंबतं. तिथं पाणी झिरपतं. आडवं झालं की दम लागतो. मूत्रपिंडांना रक्त कमी पोचतं. शरीर कोरडं पडलंय असं समजून ती मीठ आणि पाणी धरून ठेवतात. पाय सुजतात. यकृत फुगतं, भूक मरते.

पेन अडलं. हे पुस्तकातलं नव्हतंच, तिच्या घरातलं होतं. महिनाभर डोळ्यांसमोर होतं.

ती उठली तशी पर्यवेक्षिका म्हणाली, "अहो, अजून दीड तास आहे."

"माझ्या घरी माणूस मरतोय," एवढंच म्हणून ती पळाली.

तो खिडकीला धरून बसला होता. ओठ निळसर पडलेले. "पेपर... लवकर... सुटला?" एका वाक्याला तीन दम. शेजारच्या टेम्पोवाल्यानं आणि तिनं त्याला खुर्चीत बसवून दोन मजले उतरवलं.

इस्पितळात डॉक्टरिणीनं विचारलं, "कधीपासून त्रास आहे?"

"महिना झाला."

"मग आधी का नाही आणलंत?"

डॉक्टरीण शांतपणे सांगू लागली: हृदय जेमतेम तिसरा हिस्सा काम करतंय. फुप्फुसांतलं पाणी काढायला लघवीचं औषध जोरात द्यावं लागतंय, आणि मूत्रपिंडं आधीच थकलेली, त्यांना ते झेपत नाही. एकाला सावरावं तर दुसरं खचतंय.

सतरा दिवसांनी तो घरी आला. शिडी कायमची सुटली. ती सहा गुणांनी नापास झाली. कोर्सच्या कचेरीत तिनं हातापाया पडून पाहिलं. "चौथी संधी नाही" म्हणून कारकुनानं खिडकी लावून घेतली. आता ती घरीच लोकांच्या पडद्यांना दुमड घालून देते. सकाळी त्याचं वजन करते, डॉक्टरिणीनं नेमून दिलेलं दिवसाचं पाणी मोजून बाटलीत भरते. त्याची थट्टा कुठे गेली कोण जाणे.

काल दुपारीच बाटली संपली.

"एक घोट दे गं."

"आता उद्या सकाळी."

"उद्याचंच आज दे."

तिनं दिलं नाही. त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. तिचाही घसा कोरडा पडला होता. पण त्याच्यादेखत पेल्याला हात लावायचं तिचं धाडस होईना.